एकट्या स्वाराची मोटारसायकल आणि खडबडीत रस्ता : मनोर परिसरातील क्षेत्रकार्याच्या निमित्ताने

बोलींच्या अभ्यासात निवेदकाचे वय, जात, शिक्षण, स्थलांतर इत्यादी गोष्टींची नोंद आपण कटाक्षाने करतो. परंतु अभ्यासक त्या निवेदकापर्यंत कोणत्या रस्त्याने व कोणत्या अवस्थेत पोहोचला, याची नोंद कोणी ठेवीत नाही. प्रस्तुत लेखकानेही ती ठेवली नव्हती. मनोरच्या आसपासच्या गावांतून गोळा केलेल्या वह्या एकत्र लावून पाहण्याची वेळ आली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. महामार्गालगतच्या गावांतील शब्दसूच्या पूर्ण होत्या, वाक्यांचे नमुने विपुल होते, एकाच शब्दाचे दोन-दोन पर्यायही टिपलेले होते. फाट्यापासून आत, विक्रमगडच्या दिशेने गेलेल्या गावांतील सूच्या मात्र तोकड्या होत्या, आणि त्यांतही दुपारनंतरची पाने तर केवळ उरकलेली. प्रथमदर्शनी वाटावे की आतल्या गावांतील बोलीच शब्दसंपत्तीने दरिद्री आहे. वस्तुतः दरिद्री होती ती अभ्यासकाची कंबर. तासभर खडीवर आदळत गेल्यावर माणूस ओटीवर बसून दोन तास ऐकू शकत नाही. तो अर्ध्या तासात 'पुरे' म्हणतो, आणि त्याच्या त्या 'पुरे'चा परिणाम पुढे कोष्टकात बोलीचे वैशिष्ट्य म्हणून अवतरतो.

हा दोष केवळ एका व्यक्तीपुरता असता, तर त्याविषयी या पत्रिकेत लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण रस्ता आणि बोलीविज्ञान यांचा संबंध जुना आहे. फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी झील्येराँने एदमाँ या आपल्या सहायकाला १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी पाठविले, आणि त्यातील पुष्कळ प्रवास त्याने सायकलवरून केल्याचे सांगतात. याउलट ग्रीअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीतील नमुने बहुधा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत आले. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या सातव्या खंडासाठी खुद्द ग्रीअर्सनला वारल्यांच्या पाड्यावर जावे लागले नाही. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणमालेत ठाण्याच्या वारली बोलीवरील पुस्तक १९६९ साली निघाले. मनोर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. आज आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थी एस.टी.ची वाट न पाहता बहुधा मोटारसायकलनेच जातो, आणि एकटाच जातो. म्हणून ते वाहन एकट्या स्वारासाठी व वाईट रस्त्यासाठी कसे जुळवून घ्यावे, हा प्रश्न क्षेत्रकार्याच्या पद्धतीचाच भाग मानावयास हवा. भाषाशास्त्राच्या माणसाने यंत्रशास्त्रात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर वर आले आहे. दुसरे असे की या बाबतीतला निम्मा घोटाळा शब्दांचाच आहे.

मनोरचा भूगोल येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मस्तान नाक्यापाशी चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. पश्चिमेचा रस्ता मासवणवरून वाघोबा खिंड ओलांडून पालघरला उतरतो. थोडे उत्तरेला गेले की चिल्हार फाट्यावरून बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे रस्ता फुटतो, आणि त्यावर अवजड मालमोटारींची वर्दळ असते. पूर्वेकडे वाडा आणि विक्रमगड. म्हणजे एका दिवसाच्या फेरीत काँक्रीटचा महामार्ग, मालमोटारींनी चाकोऱ्या पाडलेला डांबरी रस्ता, घाटाची वळणे, आणि शेवटी पाड्यापर्यंतची मुरूम-खडीची वाट, असे चारही प्रकार येतात. चार महिने कोसळणाऱ्या पावसानंतर डांबराची जी अवस्था होते, ती वाचकांना ठाऊक आहेच. या चारही प्रकारांना एकच एक जुळणी सारखीच सोयीची असणे शक्य नाही; परंतु एकट्या स्वाराला बहुतांश ठिकाणी पुरेल अशी एक जुळणी असते, आणि बहुतेक गाड्या नेमक्या त्या जुळणीवर नसतात.

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जी लवचीक योजना असते, तिला परिभाषेत 'निलंबन' म्हणतात. शासकीय महाविद्यालयातील आमच्या एका स्नेह्यांना हा शब्द ऐकूनच पहिला हादरा बसला, ही गोष्ट वेगळी. या योजनेचे घटक दोन, आणि त्यांची कार्ये परस्परविरोधी आहेत. पहिला घटक स्प्रिंग. ती धक्क्याची ऊर्जा साठवून ठेवते व लगेच परत करते. हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे ती जितकी दाबावी तितक्या प्रमाणात तिचा विरोध वाढतो. दुसरा घटक म्हणजे तेलाने भरलेली नळी व तिच्यातील दट्ट्या. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते, त्यात ऊर्जेची उष्णता होते, आणि स्प्रिंगचे वरखाली होणे शमते. या शमनाला 'अवमंदन' म्हणतात. स्प्रिंगचा विरोध ती किती दबली यावर अवलंबून असतो. तेलाचा विरोध हालचाल किती वेगाने झाली यावर. हा भेद ध्यानात राहिला तर पुढील सर्व विवेचन सोपे होते.

आता शब्दांकडे पाहू. या दुसऱ्या घटकाला मराठीत 'धक्काशोषक' म्हणतात. इंग्रजी संज्ञेचे ते शब्दशः रूपांतर आहे आणि मूळ संज्ञेतील चूक त्यात जशीच्या तशी उतरली आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. तेलाची नळी शोषते ते धक्क्यानंतरचे दोलन. गॅरेजमधील माणूस 'धक्काशोषक' म्हणत नाही, तो 'शॉकप' म्हणतो, आणि हे रूप भाषाभ्यासकाला अधिक रोचक आहे. 'शॉक अब्सॉर्बर' या लांबलचक शब्दाचा पुढचा भाग गळून उरलेल्या तुकड्याचा अंत्य अवयव 'अप' या ओळखीच्या शब्दाशी जुळविला गेला असावा. पुष्कळजण तो 'शॉकअप' असा तोडून लिहितात. मराठीत तो निःसंशय पुल्लिंगी झाला आहे : शॉकप गेला, शॉकप बसला, शॉकप लीक झाला. आतली स्प्रिंग मात्र स्त्रीलिंगीच राहिली आहे. मागच्या चाकाचे दोन शॉकप असोत की पुढच्या चाकाचे दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे दोन नळे असोत, दोहोंनाही शब्द एकच. आणि स्प्रिंग व तेलनळी एकाच कवचात असल्याने या एका शब्दात दोन्ही घटक लपून गेले आहेत.

पण खरा घोटाळा 'कडक' या विशेषणाचा आहे. गाडी 'कडक' आहे असे आपण म्हणतो तेव्हा चार निरनिराळ्या गोष्टींपैकी कोणतीही एक अभिप्रेत असू शकते : स्प्रिंगच जाड तारेची आहे, स्प्रिंग बसविताना आधीच फार दाबलेली आहे, तेलाचे अवमंदन जास्त आहे, किंवा टायरात हवा जास्त आहे. चौघांचे उपाय वेगवेगळे. प्रस्तुत लेखकाने आपली गाडी प्रथम एका गॅरेजात नेली, ती 'खड्ड्यातून फार आदळते' अशी तक्रार घेऊन. कारागिराने हुकाचा पान्हा घेतला, मागच्या शॉकपची खाचांची रिंग फिरवून शेवटच्या खाचेवर नेली, आणि म्हणाला, ''सर, शॉकप टाइट करून दिलाय, आता काही लागणार नाही.'' त्या माणसाची यात लबाडी नव्हती. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांवर बहुधा दोन माणसे, एक मूल आणि तांदळाची गोणी असते. त्या ओझ्याला तो उपाय बरोबरच होता. पण साठ-पासष्ट किलोच्या एकट्या मास्तरासाठी तो नेमका उलटा होता, आणि दोन ऋतू कंबर धरून हिंडल्यावर ते कळले.

त्या रिंगेने काय होते, ते एका काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेल्या उदाहरणाने पाहू. समजा, मागच्या चाकाची एकूण हालचाल ८० मिलिमीटर आहे. चाकापाशी मोजल्यास दर मिलिमीटरला स्प्रिंगचा विरोध २ किलोने वाढतो. रिंग पहिल्या खाचेवर असताना स्प्रिंग आधीच ४० किलोंच्या जोराने दाबून बसविलेली आहे. आणि रिंग एकेक खाच पुढे नेली की हा जोर ८ किलोंनी वाढतो. गाडीचा मागच्या स्प्रिंगांवर येणारा भार ४० किलो आणि एकट्या स्वाराच्या वजनापैकी मागे येणारा भार ४५ किलो, मिळून ८५ किलो धरू. पहिल्या खाचेवर ८५ वजा ४० म्हणजे ४५ किलोंचा भार स्प्रिंगेला नव्याने पेलावा लागतो, आणि गाडी साडेबावीस मिलिमीटर खाली बसते. पाचव्या खाचेवर आधीचा जोर ७२ किलो झालेला असतो. उरतात १३ किलो, आणि गाडी केवळ साडेसहा मिलिमीटर बसते. दोन्ही वेळा स्प्रिंग तीच. मिलिमीटरमागे २ किलो हे प्रमाण बदललेले नाही. म्हणजे रिंगेने स्प्रिंग 'कडक' होत नाही. बदलते ते एवढेच की स्वार बसल्यावर गाडी आपल्या हालचालीच्या कोणत्या बिंदूवर येऊन थांबते.

आणि हा बिंदूच महत्त्वाचा आहे. आपण समजतो की स्प्रिंगचे काम उंचवट्यावर चाक वर जाऊ देणे. तितकेच मोठे काम खड्ड्यात चाक खाली जाऊ देणे हे आहे. स्वार बसल्यावर गाडी साडेबावीस मिलिमीटर खाली बसली असेल, तर खड्डा येताच चाक तेवढे स्वतंत्रपणे खाली उतरू शकते आणि सांगाडा, म्हणजे पर्यायाने स्वार, आपल्या उंचीवर राहतो. साडेसहाच मिलिमीटर बसली असेल, तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. ते आपल्या मर्यादेला ठोकले जाते आणि सबंध गाडी त्याच्यामागे खड्ड्यात पडते. पलीकडच्या काठावर मग चाक आणि सांगाडा एकजीव होऊनच आदळतात. आमची रस्त्यांविषयीची तक्रार प्रामुख्याने खड्ड्यांची असते, उंचवट्यांची नव्हे. यास्तव खाली उरलेली ही जागा एकट्या स्वाराचे खरे भांडवल होय, आणि 'टाइट' केलेल्या शॉकपात ते आधीच खर्च झालेले असते. उलट त्याच गाडीवर मागे दुसरा माणूस बसून मागचा भार ५४ किलोंनी वाढला, तर पहिल्या खाचेवर गाडी साडेएकोणपन्नास मिलिमीटर बसेल व वर जाण्यास साडेतीसच उरतील. तेव्हा पाचवी खाच योग्य, कारण तिच्यावर ती साडेतेहतीस मिलिमीटरच बसेल. कारागिराचा सल्ला कोणाला बरोबर व कोणाला चूक, हे यावरून स्पष्ट व्हावे.

ही बैठक मोजणे मुळीच कठीण नाही. मात्र त्याला एक मदतनीस लागतो. गाडी डबल स्टँडवर चढवून मागचे चाक अधांतरी करावे आणि चाकाच्या आसापासून सरळ वर, मडगार्डवरील एखाद्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. नंतर गाडी खाली घेऊन, नेहमीचे कपडे, बूट, हेल्मेट व पाठीवरची पिशवी यांसह स्वाराने बसावे, पाय पायदानांवर ठेवावेत, आणि मदतनिसाने पुढून हँडल धरून तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन अंतरांतील फरक म्हणजे बैठक. घर्षणामुळे स्प्रिंग थोडी अडकून राहते. म्हणून एकदा गाडी किंचित दाबून सोडावी व मोजावे, एकदा किंचित उचलून सोडावी व मोजावे, आणि दोहोंची सरासरी घ्यावी. ध्वनिमुद्रणात एकाच शब्दाची दोन उच्चारणे घेण्यामागे जे तत्त्व आहे, तेच येथेही. ही बैठक एकूण हालचालीच्या पाव ते तृतीयांश असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. हालचाल ८० मिलिमीटर असेल तर २० ते २७. रॉयल एन्फील्डच्या २०१६ च्या हिमालयनसारख्या, मागे १८० मिलिमीटर हालचाल असलेल्या गाडीवर ४५ ते ६०. आपली गाडी किती हालचालीची आहे ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. पुढच्या चाकासाठी एक सोपी युक्ती आहे : आतल्या चकचकीत नळीभोवती, धुळीच्या रबराला टेकून, प्लॅस्टिकची बारीक पट्टी बांधावी. फेरीनंतर ती जेथे सरकलेली आढळेल, तेथवर नळा दबला होता असे समजावे. मनोर ते विक्रमगड जाऊन येऊनही पट्टी अर्ध्यावरच राहिली असेल, तर पुढचा भाग गरजेपेक्षा ताठ आहे. ती अगदी वर जाऊन चिकटली असेल, तर आतले तेल कमी झाले आहे काय ते पाहावे.

एक कबुली येथे दिली पाहिजे. रिंग अगदी पहिल्या खाचेवर नेऊनही बैठक अपुरी राहत असेल, आणि पन्नास-पंचावन्न किलोंच्या स्वाराच्या बाबतीत ती पुष्कळदा राहते, तर या मार्गाने अधिक काही साधत नाही. कंपनीने स्प्रिंग दोघांचे ओझे मनात धरून निवडलेली असते. हलकी स्प्रिंग बदलून घेणे शक्य असले तरी विद्यार्थ्याच्या खिशाला ते परवडण्याजोगे नाही, आणि पुढे कधी मागे कोणी बसले की तीच अपुरी पडते. अशा स्वारांनी टायर व वेग यांवर भर द्यावा. तो विषय पुढे येतो.

अवमंदनाचा भाग अधिक सूक्ष्म आहे आणि येथे मराठी भाषा आपल्या मदतीस येते. रस्त्याच्या त्रासासाठी आपल्याजवळ किती नेमके शब्द आहेत पाहा : हादरा, दणका, गचका, हिसका, आपट, हेलकावा, थरथर. बैलगाडी आणि एस.टी. यांनी मिळून ही संपत्ती जमविली आहे. कोशात यांतील बरेच शब्द एकमेकांच्या अर्थी दिलेले आढळतात. पण वापरणारा त्यांची गल्लत करीत नाही. हेलकावा एकटा नसतो, तो परत येतो. दणका एकदाच बसतो आणि खालून बसतो. हिसक्याला दिशा असते, तो आपल्याला कोणीकडे तरी ओढतो. थरथरीला आरंभ-शेवट सांगता येत नाही. गाडीचा दोष ओळखण्यास हे भेद पुरेसे आहेत. खड्डा ओलांडल्यावर हेलकावे येत राहिले, तर अवमंदन कमी पडते आहे. तेल गळले आहे वा झिजून पातळ झाले आहे. एकच मोठा दणका बसून माकडहाडापर्यंत पोहोचला, तर हालचाल संपून आपट झाली. म्हणजे ओझ्याच्या मानाने बैठक फार आहे. सारखी थरथर हातांना जाणवते, तर हवा जास्त आहे किंवा पुढचे नळे घर्षणाने अडकत आहेत. हँडलला आडवा हिसका बसतो, तर दोष निलंबनात नसून कोनसेट ढिला असण्याचा, अथवा मागच्या चाकाचा दांडा जेथे झुलतो तेथील बुश झिजल्याचा संभव अधिक. आणि पहिला खड्डा बरा, दुसरा वाईट, तिसरा असह्य, असे चढत्या क्रमाचे गचके बसत असतील, तर तेलाचा परतीचा विरोध फाजील आहे : एका खड्ड्यातून स्प्रिंग पूर्ण उलगडण्याआधीच दुसरा येतो, आणि गाडी पायरीपायरीने खाली दबत जाते. गॅरेजात जाऊन 'गाडी कडक आहे' म्हणण्याऐवजी यांपैकी नेमका शब्द वापरला, तर कारागिरालाही नेमका भाग सापडतो; असा लेखकाचा अनुभव आहे.

महागड्या गाड्यांवर अवमंदनाचे स्क्रू असतात, दाबण्याचा व परतीचा वेगळे. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी एका वेळी एकच स्क्रू, दोन खटक्यांपेक्षा अधिक नाही, असा फिरवावा आणि रस्त्याच्या त्याच तुकड्यावर पुन्हा जाऊन पाहावे. आपल्या विद्यार्थ्यांच्या शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाड्यांवर असा स्क्रू नसतो. तेथे परीक्षा एवढीच : आसनाच्या मागच्या टोकाला दोन्ही हातांनी जोराने दाबून सोडावे. गाडीने एकदा वर येऊन स्थिर व्हावे. ती पुन्हा खाली-वर डोलू लागली तर शॉकप गेला असे समजावे, आणि जोडीने बदलावा. पुढच्या नळ्यांतील तेल पुस्तिकेत सांगितलेल्या दाटपणाचे व मापाचे घालून दर पावसाळ्यानंतर बदलून घ्यावे. येथे माप शब्दशः घ्यावयाचे. तेल जास्त भरले की वरची हवेची पोकळी लहान होते, दाबताना ती हवाच स्प्रिंगसारखी ताठरते, आणि नळे शेवटी शेवटी दगडासारखे होतात.

याच संदर्भात एका प्रचलित समजाचे निरसन करणे इष्ट होईल. या शतकाच्या पहिल्या दशकात बजाजच्या पल्सरवर नायट्रोजनची कुपी जोडलेले शॉकप आले, आणि तेव्हापासून 'गॅसचा शॉकप' ही प्रतिष्ठेची वस्तू झाली. गाडी गॅसवर तरंगते असे पुष्कळांना वाटते. तो गॅस भार पेलण्यासाठी मुख्यत्वे नसतोच. लांबवर खडीवरून गेले की तेल तापते, दट्ट्यामागे दाब कमी होऊन त्यात बुडबुडे धरतात, आणि फेसाळलेले तेल छिद्रांतून विनासायास निघून जाते. अवमंदन तेथेच संपते. दाबाखालचा नायट्रोजन हा फेस होऊ देत नाही. ज्यांच्या गाडीला अशी कुपी नाही, त्यांना पहिल्या तासात न जाणवलेले हेलकावे दुसऱ्या तासात जाणवू लागतात, याचे कारण हेच होय. दहा मिनिटे झाडाखाली थांबले की ते कमी होतात. निवेदकाचे गाव जवळ आले म्हणून तसेच दामटण्यापेक्षा हे थांबणे लाभाचे.

सर्वांत पहिली स्प्रिंग मात्र टायर आहे, आणि ती फुकट जुळविता येते. मराठीत आपण 'हवा किती?' असे विचारतो, आणि उत्तर 'तीस' असे येते. दाबाचे एकक कोणी उच्चारीत नाही, हवाच संख्येने मोजली जाते. पंक्चरवाला बहुधा पुढे-मागे दोन्हीकडे सारखीच, आणि सढळ हाताने भरतो. पुस्तिकेत मात्र मागच्या चाकासाठी दोन आकडे असतात : एकट्यासाठी एक, दोघांसाठी दुसरा, आणि हलक्या गाड्यांवर त्यांतील फरक चांगला पाच-दहा अंकांचा असतो. एकट्याने एकट्याचाच आकडा ठेवावा, आणि तो सकाळी, टायर थंड असताना मोजावा. त्याच्याही खाली उतरण्याचा मोह होतो, कारण गाडी लगेच मऊ वाटते, तो आवरावा. खड्ड्याच्या धारदार काठावर कमी हवेचा टायर रिमपर्यंत चेपतो, ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन छिद्रे पडतात, आणि मग पाड्यावरून मस्तान नाक्यापर्यंत गाडी ढकलीत न्यावी लागते. ट्यूबविरहित टायर असला तरी रिम वाकायची ती वाकतेच.

वेगाचा प्रश्न नुसत्या 'हळू चालवा' या उपदेशाने सुटत नाही. मनुष्याचे शरीर उभ्या दिशेच्या कंपनांपैकी सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वाधिक दाद देते. पोटातील इंद्रिये व पाठीचा कणा त्या वारंवारतेला आपण होऊन डोलू लागतात. वरच्या उदाहरणातील गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर सेकंदाला सुमारे अडीच वेळा डोलेल. म्हणजे ती त्या धोक्याच्या पट्ट्याखाली आहे, आणि तशीच ती असावयास हवी. आता मुरुमाच्या वाटेवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या असतात, त्या घेऊ. दोन लाटांतील अंतर सत्तर सेंटिमीटर असेल आणि वेग ताशी २० किलोमीटर, तर सेकंदाला आठ धक्के बसतात, म्हणजे नेमके त्या पट्ट्यात. ताशी १० वर ते चारावर येतात, तेही पट्ट्यातच. ताशी ४० वर ते सोळा होतात व कंबरेला बरे वाटते. पण चाक जमिनीवर टिकेनासे होते, आणि वळण आले की गाडी सरळच जाते. म्हणून अशा वाटेवर वेग वाढवून आराम शोधू नये. वाटेची कड, जेथे लाटा नसतात, ती शोधावी. गतिरोधकांचे गणितही असेच आहे. भारतीय रस्ते महासभेच्या १९८८ च्या निर्देशाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा; ताशी २५ किलोमीटरने तो ओलांडण्यास अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात स्प्रिंग सावकाश दबून उलगडते. गावकऱ्यांनी शाळेसमोर स्वतः बांधलेला गतिरोधक साठ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याच वेगाने त्याला सेकंदाच्या बाराव्या भागाहून किंचितच अधिक वेळ लागतो. तेथे कोणतीही जुळणी उपयोगी पडत नाही. क्लच दाबून, जवळजवळ थांबूनच पार व्हावे. ते गतिरोधक ज्यासाठी बांधले, ती मुले रस्त्यावर असतातच.

स्वाराचे शरीर हेही निलंबनाचे एक अंग आहे. खड्ड्यांच्या मालिकेत पायदानांवर किंचित उठून, गुडघे वाकवून, हँडल सैल धरावे. तेव्हा गाडीवर वजन तेवढेच राहते, पण ते कण्यातून न जाता पायांतून जाते, आणि गुडघा हा फार चांगला शॉकप आहे. हीच गोष्ट ध्वनिमुद्रकाची. तो मागच्या कॅरिअरला बांधू नये. गाडीच्या मागच्या टोकाला सर्वाधिक उसळी असते. पाठीवरच्या पिशवीत, कपड्यांत गुंडाळून, शक्यतो पाठीच्या मधोमध ठेवावा. प्रस्तुत लेखकाच्या एका ध्वनिमुद्रणात सूक्ष्म खरखर आढळली, आणि ती दंतमूलीय घर्षकाची छटा असावी असे त्याने काही आठवडे मानले होते. ती सूक्ष्मध्वनिग्राहकाच्या सैल झालेल्या तारेची निघाली. त्या टिपणावर पुढे लेख झाला नाही, ही दैवाची कृपा.

रिंग पाचव्या खाचेवरून पहिलीवर आणल्यानंतर लेखकाने जुन्या वह्यांतील आतल्या गावांच्या सूच्या पुन्हा हाती घेतल्या आहेत. ज्या ओटीवरून अर्ध्या तासात उठणे झाले होते तेथे आता दुपार टळेपर्यंत बसता येते, आणि ज्या अर्थांसाठी पूर्वी एकेकच शब्द टिपला होता, त्यांसाठी निवेदक दोन आणि तीन देत आहेत. पहिल्या वेळी ते त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही विचारलेच नव्हते. आधीची कोष्टके त्यामुळे रद्द करावी लागली, आणि त्यांवर आधारलेला एक निष्कर्ष, जो विभागाच्या चर्चासत्रात मांडला गेला होता, तोही मागे घ्यावा लागत आहे.

राहता राहिला परतीचा प्रवास. 'डबलसीट' हा शब्द मराठीने इंग्रजीतून घेऊन त्याचे क्रियाविशेषण केले. 'डबलसीट गेलो' यात आसनाचा संबंध उरलेला नाही, आणि त्याच साच्यावर 'ट्रिपलसीट' हा मूळ भाषेत नसलेला शब्दही आपण पाडला. क्षेत्रकार्यात ही वेळ वारंवार येते. काम संपले की निवेदक, बहुधा एखादे वयस्क आजोबा, सहज विचारतात, ''नाक्यापर्यंत सोडता का?'' नाही म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. सर्वांत चांगले शब्द पुष्कळदा त्या वाटेवरच कानी पडतात. परंतु तेव्हा गाडी एकट्याची राहिलेली नसते. पहिल्या खाचेवर, एकट्यापुरत्या हवेवर दोघे निघाले तर पहिल्याच खड्ड्यात मागे बसलेल्या म्हाताऱ्याला खालचा दणका बसेल. म्हणून हुकाचा पान्हा आसनाखाली असावा, निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंची रिंग सारख्याच खाचांनी पुढे न्यावी, एक बाजू तिसऱ्यावर व दुसरी चौथ्यावर असे होऊ देऊ नये, हवा नाक्यावर पोहोचल्यावर वाढवावी व तोवर दुसऱ्या गिअरमध्येच राहावे. आजोबांना उतरवून दिल्यावर रिंग परत फिरविण्यास लेखक अजूनही कधी कधी विसरतो, आणि वाघोबा खिंडीच्या पहिल्या वळणावर त्याची आठवण होते.